दोन वर्षांखालचा फर्मा

लहान मुलांचे कपडे शिवणाऱ्या त्या कारखान्यात कात्र्या चौघींच्या हातात असत, पण माप एकीचेच चाले. तिला सगळे मास्टरीणबाई म्हणत. वयाने ती काही फार मोठी नव्हती, पण ती टेबलाशी उभी राहिली की मालकसुद्धा आवाज खाली आणून बोलत. कापडावर एकदा ओढलेली खडूची रेघ तिने पुसून पुन्हा ओढल्याचे कोणाला आठवत नव्हते.

खोली लांबट होती. एका बाजूला कापणीचे टेबल, वर ट्यूबलाइट, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले, कापड कापायच्या मापाचे पुठ्ठ्याचे फर्मे, मागे शिलाईयंत्रांची रांग आणि दाराजवळ इस्त्रीवाल्या मामांचे वाफाळते टेबल. कापणीच्या टेबलाजवळ, ताग्यांच्या आडोशाला, गेले काही महिने एक वेताची मोठी टोपली ठेवलेली असे. तिच्यात मास्टरिणीची दहा महिन्यांची भाची निजे, जागी होई, रडे आणि खुदकन हसे. मास्टरिणीची धाकटी बहीण बसच्या तिकीट खिडकीवर कामाला होती. तिचा नवरा दूरच्या गावी नोकरीला आणि पोर सांभाळायला दुसरे कोणी नाही. "चिमी तुझ्याकडे असली ना ताई, की मला खिडकीत बसून सारखं घड्याळ बघावं लागत नाही," असे धाकटी म्हणे. ते वाक्य मास्टरीण दिवसभर आत कुठेतरी जपून ठेवी.

त्या सकाळी नव्या कापणीवालीने बाळांच्या झबल्यांचे गळे कापले होते. मास्टरिणीने त्यातला एक उचलला, मुठीवरून सरकवून पाहिला आणि टेबलावर टाकला.

"हा कुठून काढलास गं?"

"मोठ्या मापाच्या फर्म्यावरून. सगळीकडून बेताबेतानं कमी करत आणला."

"आणि बाळाला घालायचा कुठून? पायातून?"

यंत्रांच्या रांगेत हशा पिकला. नव्या मुलीचे कान लाल झाले, तशी मास्टरिणीने आवाज मऊ केला. "हे बघ, दोन वर्षांच्या पुढे कमी कर, वाढव, तुझं तू पाहा. दोन वर्षांखाली फर्मा वेगळा. बाळाचं डोकं असतं छातीएवढं, मान असून नसल्यासारखी, आणि कंबरेचा तर पत्ताच नसतो. बाळ म्हणजे धुऊन आटलेलं माणूस नव्हे."

"मास्टरीणबाई," मामांनी वाफेतून तोंड घातले, "मग मी आता सत्तरीला टेकलो. माझाही फर्मा वेगळा का?"

"तुमचा तर कधीच वेगळा झालाय, मामा. तुम्हाला आता गादीची खोळ पुरेल."

मामा सगळ्यांत मोठ्याने हसले. तेवढ्यात टोपलीतून रडणे सुरू झाले.

चिमीला वरचे दात येत होते. हिरड्या सुजून टच्च झाल्या होत्या, हनुवटी लाळेने सोलवटली होती, आणि हाताला लागेल ते ती तोंडात कोंबून चावत होती. मास्टरिणीने खाली बसून पर्समधून एक नळी काढली. ही नळी तिच्या लेकीची. लेक चौदा वर्षांची. दात सरळ करायला तिला तारा बसवल्या होत्या आणि त्यांनी गाल आतून घासून फोड आले होते. दातांच्या डॉक्टरांनी हे जेल लिहून दिले होते: दुखेल तिथे मटाराएवढे, दिवसातून ठरावीक वेळाच आणि तेही फोड बसेपर्यंत. लेकीचे फोड बसले, नळी उरली. चिमीचे रडणे ऐकवेना, तेव्हा मास्टरिणीला ती आठवली.

ती काही अविचारी बाई नव्हती. तिने विचार केला होता, आणि नेमका तोच विचार केला होता जो ती रोज टेबलाशी करत असे. चौदा वर्षांच्या मुलीला मटाराएवढे, तर सहा वर्षांच्या मुलाला त्याच्या निम्मे, आणि दहा महिन्यांच्या बाळाला तिळाएवढे. करंगळीच्या टोकावर तिने तो तीळ पहिल्यांदा घेतला, तेव्हा आपल्या सावधपणाचे तिला बरेही वाटले होते. हिरडीवर बोट फिरले आणि पोर काही क्षणांत शांत झाली. संध्याकाळी धाकटी म्हणाली, "माझ्याकडे नुसती किरकिरते. तू काय जादू करतेस गं?" मास्टरीण हसली. सांगायला हरकत नव्हती. पण जादूगाराने पोतडी उघडून दाखवू नये, तसे काहीसे तिला वाटले.

सहा वर्षांचा मुलगाही तिने हवेत धरला नव्हता. तो मामांचा नातू. त्याचे तोंड आले होते, घास गिळवत नव्हता, म्हणून मामा कळवळून बोलले, आणि मास्टरिणीने बटणांच्या रिकाम्या डबीत थोडे जेल पिळून दिले. वर सांगितले, "मटाराच्या निम्मं. एक कणही जास्त नाही." मामांनी ती डबी औषधाच्या बाटलीसारखी दोन्ही हातांनी घेतली होती. मास्टरीणबाईंचे माप म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आज मात्र तिळाने भागेना. चिमी पुन्हा पुन्हा रडू लागली. ऑर्डर घाईची, टेबलावर थप्प्या पडलेल्या. मास्टरिणीने एकदा लावले, जरा वेळाने पुन्हा लावले, मग नळीची शेपटी गुंडाळत, दाबत, उरलेसुरले काढून तिसऱ्यांदाही लावले. त्यानंतर चिमी निजली. जेवणाची सुट्टी झाली तशी, "जरा लक्ष ठेवा हं," असे मामांना सांगून ती रिकामी नळी घेऊन कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेली.

काउंटरवर एक तरुण मुलगी होती. तिने नळी उलटून पाहिली. "कोणासाठी हवंय?"

"बाळासाठी. दात येतायत."

कपाटाकडे गेलेला मुलीचा हात तिथेच थांबला. "किती महिन्यांचं बाळ?"

"दहा."

"नाही मावशी, हे नाही देता येणार. यात बेन्झोकेन आहे, बधिर करणारं. दोन वर्षांखालच्या मुलांना हे लावायचंच नसतं." तिने खालचा बारीक मजकूर बोटाने दाखवला. "काही बाळांच्या रक्ताला यानं प्राणवायू वाहून नेता येत नाही. ओठ करडे-निळे पडतात, बाळ सुस्त होतं, धाप लागते. हे लावलंय का तुम्ही तिला?"

"नाही, नाही." उत्तर इतक्या झटकन आले की मास्टरिणीला स्वतःचाच आवाज परका वाटला. "नुसतं विचारायला आले. आणि समजा, अगदी थोडं लावलं तर? तिळाएवढं?"

"थोडं नाही न् जास्त नाही. आधी चार वेळा सोसलं म्हणून पाचव्यांदा सोसेल असंही नसतं." मुलगी हसली. "बरं झालं, लावायच्या आधी विचारलंत. लावलं असतंत तर म्हटलं असतं, इथे उभ्या राहू नका, बाळाला उचला आणि दवाखाना गाठा. स्वच्छ बोटानं हिरडी चोळा, थंड ओलं फडकं चावायला द्या. बाकी दात येताना मुलं रडायचीच."

रस्ता ओलांडताना मास्टरिणीला गाड्यांचे भोंगे ऐकू येत नव्हते. दोन वर्षांखाली. भिंतीवर डाव्या खिळ्याला वेगळे टांगलेले बाळांचे फर्मे तिच्या डोळ्यांपुढे आले. सकाळी सगळ्यांदेखत ती काय बोलली होती! कापडाच्या बाबतीत जे तिला पाठ होते, ते जिवाच्या बाबतीत तिला एकदाही सुचले नव्हते.

चिमी निजलेलीच होती. फार शांत निजली होती. मास्टरिणीने वाकून पाहिले, पण ट्यूबलाइटच्या उजेडात सगळेच निळसर दिसत होते: टोपली, पांघरूण, स्वतःचे हातसुद्धा. रंगाची खात्री करायची तर या उजेडावर विसंबू नये, हे तिने किती मुलींना शिकवले होते. दोन ताग्यांची छटा जुळते का हे पाहायला ती कापड दारात नेई. तिने बाळाला उचलले आणि दारात, स्वच्छ उन्हाच्या उजेडात नेले.

ओठ गुलाबी नव्हते. काळेनिळे नव्हते, पण गुलाबीही नव्हते. बरेच दिवस उघड्यावर पडलेल्या पांढऱ्या कापडाला चढते तशी एक मळकट करडी झाक त्यांच्यावर होती. नखांवरही होती. हलवले तर चिमीने डोळे किलकिले केले आणि पुन्हा मिटले.

"मामा, बघा हो हिच्या ओठांकडे."

मामांनी चष्मा कपाळावर चढवला. "झोपेत आहे पोर. थोडी फिकी वाटते खरी. सर्दी असेल."

सर्दी असेल. क्षणभर तो शब्द तिला पलंगासारखा वाटला. त्यावर नुसते पडून राहावे. मग तिने चप्पल पायांत सरकवली आणि पोरीला छातीशी धरून निघाली. जाता जाता तिने धाकटीला फोन लावला. "चिमीला दवाखान्यात नेतेय. घाबरू नकोस. पण ये."

"काय झालं?"

"ये तू," म्हणून तिने फोन ठेवला.

दवाखाना चौकापलीकडेच होता. बाळ पाहताच परिचारिकेने तिला रांगेतून आत घेतले. चिमीच्या पायाच्या अंगठ्याला रक्तातला प्राणवायू मोजणारा चिमटा लावला. यंत्रावरचा आकडा जिथे असायला हवा होता तिथे नव्हता. डॉक्टरांनी तिच्या नाकातोंडावर छोटा मुखवटा धरून प्राणवायू सुरू केला. ते वयस्क होते, सावकाश बोलणारे. त्यांनी छाती तपासली, पुन्हा तपासली. मुखवटा होता, तरी आकडा हलायला तयार नव्हता.

"काय होतंय हिला?"

"फिकी दिसली. सुस्त आहे," मास्टरीण म्हणाली. नळी पर्समध्येच राहिली.

तेवढ्यात धाकटी आली. अंगावर तिकीट खिडकीचा गणवेश, गळ्यात ओळखपत्र, श्वास फुललेला. "मी आई आहे," ती म्हणाली. डॉक्टर एकेक विचारत गेले. जन्मताना काही त्रास? घरात कोणाला हृदयाचा आजार? दूध पिताना दमते का?

"हृदयाचा?" धाकटीचा चेहरा उतरला. "का हो? हृदयाचं काही आहे का?"

"फुप्फुसं स्वच्छ वाटतायत, आणि प्राणवायू देऊनही फरक पडत नाहीये. तेव्हा हृदय बघावं लागेल. मोठ्या इस्पितळात पाठवावं लागेल. बाहेरचं काही औषध दिलंय का? कोणी काही पाजलं, चाटवलं, लावलं?"

"छे!" धाकटी म्हणाली. "दिवसभर माझ्या ताईकडे असते. ती मोजल्यामापल्याशिवाय पाणीसुद्धा पाजत नाही. तिच्या हातून असलं काही व्हायचं नाही." आणि तिने मास्टरिणीचा दंड घट्ट धरला, आधारासाठी.

मास्टरिणीला वाटले, हा हात आणखी थोडा वेळ असाच राहावा. आपण बोललो की तो सुटेल आणि पुन्हा कधी धरला जाईल कोणास ठाऊक. पण धाकटी आता स्वतःशीच पुटपुटत होती, "हृदय... इवलंसं तर आहे ते..." आणि तो पुटपुटणारा आवाज मास्टरिणीला सोसवेना.

"मी लावलंय," ती म्हणाली. "हिरड्यांना. लेकीचं बधिर करायचं जेल. आज तीनदा लावलं. त्याआधीही बरेच दिवस लावत होते."

पर्समधून तिने ती पिळवटलेली नळी काढून डॉक्टरांच्या हातात दिली. डॉक्टरांनी ती उजेडाकडे धरून वाचली आणि त्यांचा सावकाशपणा एकाएकी गेला. परिचारिकेला त्यांनी दोन शब्द सांगितले. चिमीच्या हाताची शीर शोधून रक्त काढले. ते लाल नव्हते. काढा उकळून उकळून उरतो तसे तपकिरी होते.

"हे या जेलनंच झालंय," डॉक्टर म्हणाले. "आता आपण भलतीकडे शोधत बसणार नाही. तपासणी लगेच करून घेतो. यावरचं औषध आहे, आणूनही ठेवतो. पण बिघडलेल्या रक्ताचं प्रमाण कमी निघालं तर नुसत्या देखरेखीनंही उतरेल." मग मास्टरिणीकडे वळून, न रागावता, पण मऊपणाही न दाखवता, ते म्हणाले, "आल्या आल्या सांगायचं होतंत."

दंडावरचा हात केव्हा सुटला ते तिला कळले नाही.

बाहेरच्या बाकावर दोघी बहिणी दोन टोकांना बसल्या. मधे धाकटीची पर्स. धाकटी म्हणाली, "मी विचारलं होतं तुला. काय जादू करतेस म्हणून."

"हो."

"हसलीस तू."

"अगदी कणभर लावत होते गं. मोजून..."

"कोणाच्या मापानं?" धाकटीचा आवाज चढला नाही. त्यापेक्षा तिने ओरडावे असे मास्टरिणीला वाटले. "सगळ्या जगाची मापं तुला येतात, ताई. पोर माझी होती. मला विचारायचं नाही?"

आणि त्याच क्षणी मास्टरिणीला ती बटणांची डबी आठवली. ती ताडकन उठली आणि तिने मामांना फोन लावला.

"मामा, नातवाला दिलेलं ते लावू नका. टाकून द्या."

"अहो, पण त्याला चांगला आराम पडलाय! काल पोळीसुद्धा चावून खाल्ली बेट्यानं. तुम्ही सांगितलंत तेवढंच लावतो, मटाराच्या निम्मं."

"माझं चुकलं, मामा. ते माझं माप नव्हतंच. त्याच्या वयाला काय चालतं, किती चालतं, ते डॉक्टरनी ठरवायचं. नावगाव नसलेल्या डबीतलं औषध पोराच्या तोंडात घालायचं नसतं. त्याला आजच दाखवून आणा."

पलीकडे क्षणभर नुसती वाफेची फसफस ऐकू आली. मास्टरीणबाई 'माझं चुकलं' म्हणतात, हे मामांनी कधी ऐकले नव्हते. "चिमी कशी आहे?" त्यांनी हळूच विचारले.

"बघतायत," ती म्हणाली.

प्रमाण कमीच निघाले. संध्याकाळी यंत्रावरचा आकडा एकेक पायरी चढू लागला. चिमीने डोळे उघडून पायाचा चिमटा ओढायचा प्रयत्न केला, तो जमेना तेव्हा ती रागाने रडली, आणि ते रडणे ऐकून धाकटीही रडली. रात्रभर देखरेखीखाली ठेवायचे ठरले. आत एकीलाच थांबता येत होते. मास्टरिणीने काचेतून पाहिले. ओठ पुन्हा चिमीचे झाले होते. मग ती घरी गेली. लेकीने विचारले तेव्हा तिने सगळे सांगितले, काही न झाकता. लेक आपल्या तारांवरून जीभ फिरवत ऐकत राहिली.

पुढचे काही दिवस टोपली रिकामी होती. कोणी ती हलवली नाही, कोणी तिच्यात कापडही टाकले नाही. मास्टरीण फर्मे लावत होती, रेघा ओढत होती. पण एका दुपारी तिने ओढलेली रेघ पुसली आणि पुन्हा मोजून ओढली. नव्या कापणीवालीने ते पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले.

मग एका सकाळी धाकटी दारात उभी राहिली. कडेवर चिमी, खांद्यावर पिशवी. रजा संपली होती. पाळणाघरात जागा नव्हती, हे ती आल्या आल्या बोलली, म्हणजे सगळे विसरून आली असा ताईचा गैरसमज होऊ नये. तिने पिशवी टेबलावर ठेवून एकेक वस्तू काढली: दूध, दुपटी, थंड राहणाऱ्या डब्यात स्वच्छ ओली फडकी.

"रडली की यातलं एक चावायला द्यायचं. हात धुऊन हिरडी चोळायची. याखेरीज हिच्या तोंडात काहीही घालायच्या आधी मला फोन. मी खिडकीत असले तरी उचलीन."

लहानपणी बूट कोणत्या पायात घालायचा हे मास्टरिणीनेच धाकटीला शिकवले होते. "बरं," ती म्हणाली. "विचारीन."

धाकटी निघाली. दाराशी मामा म्हणाले, "निश्चिंत जा गं पोरी." तिने वळून एकदा टोपलीकडे पाहिले आणि मग गेली.

दुपारी चिमीने टाहो फोडला. मास्टरिणीने खडू ठेवला, हात कोपरापर्यंत धुतले, ओले फडके दिले. चिमीने ते चावले, फेकले, पुन्हा चावले. करंगळी हिरडीवरून फिरली. या वेळी तिच्या टोकावर काही नव्हते, आणि पोर गप्प झाली नाही. सगळ्या यंत्रांवरच्या बायका माना वर करून पाहत होत्या. मास्टरिणीने फोन लावला.

"रडतेय," ती म्हणाली. "फडकं दिलंय. हिरडी चोळली. ओठ दारात नेऊन पाहिले, गुलाबी आहेत. आणखी काही करू?"

पलीकडे तिकीट मागणाऱ्यांची गलबल होती. "काही नको करूस," धाकटी म्हणाली. "घेऊन फिर."

मास्टरिणीने बाळाला खांद्यावर घेतले आणि टेबलापासून दारापर्यंत, दारापासून टेबलापर्यंत फिरू लागली. एकेक करून यंत्रे थांबली. रडणे काही थांबेना. खांदा लाळेने भिजला. फोन तिच्या दुसऱ्या हातात होता, तो चालूच होता. धाकटीने तो बंद केला नव्हता. मधूनच तिचा आवाज येई, कोणाला तरी सुट्टे पैसे विचारणारा, आणि मग पुन्हा ती ऐकत असल्याची शांतता. मास्टरीण फिरत राहिली.